सलाइन निघाल्यानंतर

गडचिरोली जिल्हा आणि कुत्र्यांचा पार्वो भारतात जवळपास एकाच वयाचे आहेत. जुन्या चांदा जिल्ह्याचं नाव १९६४ मध्ये चंद्रपूर झालं आणि २६ ऑगस्ट १९८२ रोजी त्यातून गडचिरोली वेगळा निघाला. त्याच सुमारास मद्रासकडचे पशुवैद्यक कुत्र्यांमधल्या एका नव्या रक्ती हगवणीच्या नोंदी छापू लागले होते. त्याआधी दहा वर्षं हा आजार आपल्याकडेच काय, जगातल्या कुठल्याच पशुवैद्यकाला माहीत नव्हता. आज चंद्रपूरच्या कुठल्याही गल्लीत विचारा, 'पिल्लू होतं, पण पार्वोनं गेलं' असं सांगणारं एक तरी घर सापडतं.

आमच्या घरचं वाचलं. गेल्या पावसाळ्यात मूल तालुक्यातल्या मामाच्या शेतावर राखणीला पाठवायचं म्हणून दोन महिन्यांचं एक गावठी पिल्लू घरी आलं. चौथ्या दिवशी ते ओकायला लागलं, म्हणजे विषाणू बहुधा सोबत घेऊनच आलं होतं. पाच दिवस रोज सलाइन लावली. सहाव्या दिवशी डॉक्टर म्हणाले, 'आता घरी सांभाळा.' मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते. कुणी 'सांभाळा' म्हटलं की माझा पुढचा प्रश्न असतो, म्हणजे नेमकं काय करायचं? किती, कधी, कशानंतर काय? उत्तरं शोधता शोधता मी दोनशे वर्षं मागे गेले. तिथे दिसलं ते असं: या आजारांवर माणसानं लस शोधली, पण आजारी पडलेलं पिल्लू जगवण्याचं काम कायम घराच्या कोपऱ्यातच राहिलं. आणि त्या कोपऱ्यातल्या कामालाही स्वतःचा इतिहास आहे.

आधी आला डिस्टेंपर

पार्वोच्या आधी पिल्लं मारणारा मोठा विषाणू होता डिस्टेंपर. १७४८ मध्ये स्पॅनिश प्रवासी आंतोनिओ दे उल्लोआ यानं दक्षिण अमेरिकेतल्या कुत्र्यांमधल्या साथीबद्दल लिहिलं. १७६० च्या दशकात ती साथ स्पेनमध्ये दिसली आणि मग युरोपभर पसरली. देवीच्या लशीमुळे आपल्याला माहीत असलेल्या एडवर्ड जेन्नरनं १८०९ मध्ये या आजारावर निबंध वाचला. हा आजार पिसाळण्यापेक्षा वेगळा आहे आणि गोवरासारखाच एकाकडून दुसऱ्याला लागतो, हे त्यात त्यानं मांडलं. त्याची ती तुलना नंतर फारच खरी निघाली. माणसाचा गोवर, गुरांची बुळकांडी आणि कुत्र्यांचा डिस्टेंपर या तिघांचे विषाणू एकाच कुळातले आहेत.

१९०५ मध्ये फ्रान्सच्या आंरी कारे यानं दाखवलं की जिवाणू अडवणाऱ्या गाळणीतूनही या आजाराचं कारण पार होतं. म्हणजे हा विषाणू. पण लशीचा पैसा कुठून आला, ते जास्त गमतीचं आहे. १९२३ मध्ये इंग्लंडच्या 'द फील्ड' या शिकारी-शेतकरी मंडळींच्या मासिकानं डिस्टेंपरसाठी निधी उभा केला, कारण कोल्ह्यांच्या शिकारीचे महागडे कुत्रे मरत होते. त्या पैशातून लेडलॉ आणि डंकिन यांनी लंडनजवळ मिल हिलला काम सुरू केलं. फेरेट या मुंगसासारख्या दिसणाऱ्या प्राण्याला डिस्टेंपर होतो हे त्यांना उपयोगी पडलं आणि त्या दशकाच्या अखेरीस लस तयार झाली. त्याच फेरेटांवर १९३३ मध्ये माणसाच्या फ्लूचा विषाणू पहिल्यांदा वेगळा काढला गेला. शिकारी कुत्र्यांसाठी जमवलेल्या पैशाचा फायदा असा माणसांपर्यंत पोचला.

चांद्यातल्या गावकुत्र्यांपर्यंत मात्र तो पोचला नाही. आपल्याकडे सरकारी पशुवैद्यकाची सुरुवातच गुरांपासून झाली. १८८६ मध्ये परळला बॉम्बे व्हेटरिनरी कॉलेज निघालं. १८८९ मध्ये पुण्यात इंपीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी सुरू झाली आणि १८९३ मध्ये ती मुक्तेश्वरला हलली. तिच्यापुढचा मोठा शत्रू होता बुळकांडी, कारण बैल मेला की शेत पडीक. नागपूरला व्हेटरिनरी कॉलेज आलं ते १९५८ मध्ये. खेड्यापाड्यांत आजही आपण 'गुरांचा दवाखाना'च म्हणतो. कुत्रा त्या नावात नाही. दोनशे वर्षांत हिशेब असा ठरत गेला की ज्याच्यावर कुणाचा पैसा किंवा पोट अवलंबून आहे, त्याला लस आधी. बुळकांडीबाबत तो हिशेब फळलाही, कारण २०११ मध्ये ती जगातून संपल्याचं जाहीर झालं. तिचा भाऊबंद डिस्टेंपर अजून आहे.

१९७८ चा नवा पाहुणा

पार्वो वेगळ्याच कुळातला. मांजरांना होणाऱ्या पॅनल्यूकोपेनियाच्या विषाणूशी त्याचं जवळचं नातं. जुने साठवलेले रक्तनमुने तपासल्यावर कळलं की युरोपात तो १९७० च्या दशकाच्या मध्यापासून छुपा फिरत होता. १९७८ मध्ये तो उघडपणे फुटला आणि दोनेक वर्षांत खंडोखंडी पोचला. विषाणूच्या बाहेरच्या कवचातले मोजके बदल त्याला पुरले. त्या बदलांमुळे कुत्र्याच्या पेशीवरचं कुलूप त्याला उघडता येऊ लागलं. आमच्या भाषेत सांगायचं तर संपूर्ण प्रोग्राम तोच, चार ओळी बदलल्या आणि तो दुसऱ्या मशीनवर चालायला लागला.

कुठल्याच कुत्रीच्या अंगात या नव्या विषाणूची प्रतिकारशक्ती नव्हती. त्यामुळे आईच्या दुधातून पिल्लांना काही मिळालं नाही. त्या पहिल्या लाटेत अगदी लहान पिल्लांच्या हृदयावर हल्ला व्हायचा आणि खेळता खेळता ती कोसळायची. सुरुवातीला लोकांनी मांजरांची लस कुत्र्यांना टोचून पाहिली, कारण हाताशी तीच होती. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात लेलंड कारमायकल आणि मॅक्स अॅपल यांच्या कामातून कुत्र्यांसाठीची लस आली. आज पिल्लू सहा ते आठ आठवड्यांचं झालं की पहिला डोस देतात. मग सोळा आठवड्यांचं होईपर्यंत दर दोन ते चार आठवड्यांनी पुढचे. इतके डोस का? आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती ओसरताना मध्ये असा एक काळ येतो, जेव्हा ती लशीला चालू देत नाही आणि विषाणूलाही पुरती रोखत नाही. तो काळ प्रत्येक पिल्लात वेगळ्या वेळी येतो.

हा विषाणू शरीरात जिथे पेशी सगळ्यात वेगानं वाढतात तिथे जातो, म्हणजे आतड्याच्या अस्तरात आणि हाडांच्या मगजात. अस्तर झडलं की पाणी बाहेर आणि आतड्यातले जिवाणू थेट रक्तात. मगजावर घाव बसल्यानं त्यांच्याशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशीही कमी. उपचाराविना बहुतेक पिल्लं दगावतात, नीट उपचार मिळाले तर बहुतेक वाचतात. विषाणूवर थेट काम करणाऱ्या एका अँटिबॉडी इंजेक्शनला २०२३ मध्ये अमेरिकेत सशर्त मान्यता मिळाली. एरवी डॉक्टर जे देतात ती सलाइन, उलटी थांबवणारं इंजेक्शन आणि अँटिबायोटिक हे सगळं पिल्लाला तग धरायला वेळ मिळवून देण्यासाठी असतं. विषाणूला हरवायचं पिल्लाच्याच शरीरानं.

पाण्याचा आणि पेजेचा इतिहास

सलाइनचा इतिहास कुत्र्यांपासून सुरू होत नाही, तो पटकीपासून सुरू होतो. १८३२ मध्ये स्कॉटलंडच्या थॉमस लॅटानं पटकीच्या रोग्यांच्या शिरेत मिठाचं पाणी सोडलं. मग १९७१ मध्ये बांगलादेश युद्धातल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत सलाइन संपत आली, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पिंपांत भरून ठेवलं आणि नातेवाइकांच्या हाती पेले दिले. तीस टक्क्यांच्या आसपास असलेलं मरणाचं प्रमाण चार टक्क्यांच्या खाली आलं. तिथे शुश्रूषा करणारे हात आई-बापाचे आणि भावंडांचे होते.

खाण्याबाबतही समजूत बदलली. पूर्वी पार्वोच्या पिल्लाला उलट्या थांबेपर्यंत तोंडानं काही द्यायचं नाही, पोटाला आराम द्यायचा, असा नियम होता. २००३ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या प्रिटोरिया विद्यापीठाच्या पशुवैद्यकांनी तो तपासला. ज्या पिल्लांना पहिल्या दिवसापासून नळीनं थोडं थोडं अन्न दिलं, ती लवकर सावरली आणि त्यांचं वजनही वाढलं. झडलेलं अस्तर पुन्हा उगवायला आतड्यात अन्न लागतं. २०१७ मध्ये अमेरिकेत कोलोराडोच्या संशोधकांनी आणखी एक प्रश्न विचारला. ज्याला दवाखान्यात ठेवणं परवडत नाही त्याचं काय? सुरुवातीला शिरेतून सलाइन देऊन पिल्लू स्थिर केलं आणि पुढचं सगळं घरी करता येईल अशा पद्धतीनं दिलं, तर वीसपैकी सोळा पिल्लं जगली. दवाखान्यातल्या गटात वीसपैकी अठरा. फरक आहे, पण 'परवडत नाही तर सोडून द्या' म्हणण्याएवढा नाही.

आमच्या डॉक्टरांनी सांगितलेलं वेळापत्रक आता मला कळायला लागलं. उलटी थांबल्यावर आधी पाणी, तेही चमच्यानं, दर अर्ध्या तासानं. ते टिकलं तर तांदळाची पातळ पेज. मग पेजेत उकडलेल्या कोंबडीचं कुस्करलेलं मांस, मीठ-मसाला-तेल काही नाही, दिवसातून सहा वेळा, प्रत्येक वेळी दोन-तीन चमचे. आईला हे कुणी समजावून सांगावं लागलंच नाही. ती पहिल्याच दिवशी म्हणाली, 'त्याले घटाघटा पिऊ देऊ नको वो, सारं बाहेर येईन.'

गडचिरोलीनं जगाला शिकवलेलं

इथे मला शेजारच्याच जिल्ह्यातली एक गोष्ट सारखी आठवत राहिली. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं १९९५ ते १९९८ या काळात ३९ गावांत एक प्रयोग केला. तोपर्यंत आजारी नवजात बाळासाठी मोठं रुग्णालय हवं, असंच सगळे धरून चालत. गावात ते नव्हतं, म्हणून बाळ गेलं तर ते नशीब. 'सर्च'नं गावातल्याच बायकांना शिकवलं. बाळाला उबेत कसं ठेवायचं, वजन कसं करायचं, ताप कसा मोजायचा, कोणतं लक्षण धोक्याचं, जंतुसंसर्ग झाला तर इंजेक्शन कसं द्यायचं. आणि प्रत्येक भेटीत लिहून ठेवायचं. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निकाल छापून आला: तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले होते. २०११ पासून देशभरातल्या आशा कार्यकर्त्या घरोघरी जाऊन नवजात बाळं तपासतात, त्याची मुळं या गावांत आहेत.

बाळ आणि कुत्र्याचं पिल्लू एका तागडीत घालायचं नाहीये. पण 'घरी सांभाळा' म्हणजे 'देवावर सोडा' नव्हे, हे मला या इतिहासानं शिकवलं. घरच्या शुश्रूषेलाही मोजमाप असतं. मी एक वही केली. सकाळ-संध्याकाळ वजन, दिवसातून दोनदा ताप, किती चमचे पोटात गेलं, किती वेळा शी, रंग कसा. कुत्र्याचं तापमान साधारण १००.५ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. त्याच्या वर जाणं वाईट, पण अशक्त पिल्लात खाली घसरणं जास्त वाईट. रात्री जुन्या गोधडीत गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली, आणि पिल्लाला सरकून लांब जाता येईल एवढी जागा. वहीच्या पहिल्या पानावर धोक्याच्या खुणा: पुन्हा रक्त, पुन्हा पुन्हा उलटी, पांढऱ्या पडलेल्या हिरड्या, थंड पंजे, चिमटीत धरलेली कातडी सोडल्यावर तशीच उभी राहणं, हाक मारल्यावर मान न उचलणं. यातलं एक जरी दिसलं तर सकाळची वाट न बघता डॉक्टरांना फोन. तिसऱ्या रात्री दोन वाजता पंजे थंड लागले. डॉक्टरांनी फोनवर हिरड्यांना मध चोळायला सांगितलं, कारण एवढ्या लहान पिल्लाची साखर झपाट्यानं उतरते. अर्ध्या तासानं पंजे कोमट झाले आणि उजाडल्यावर आम्ही पुन्हा दवाखान्यात होतो. सातव्या दिवशी वजनाचा आकडा पहिल्यांदा आजाराआधीच्या आकड्यापाशी आला.

अंगणाच्या पलीकडे जंगल आहे

पिल्लू उड्या मारू लागलं की घरच्यांना वाटतं, संपलं. पण बरं झालेलं पिल्लू आणखी दोन-तीन आठवडे शीतून विषाणू टाकू शकतं. आणि पार्वोला बाहेरचं स्निग्ध आवरण नसतं, त्यामुळे साबणानं किंवा आपल्या लाडक्या फिनेलनं तो मरत नाही. सावलीतल्या ओल्या मातीत तो महिनोन्महिने, वर्षभरही टिकतो. फरशीवर चालतं ते ब्लीच, एका भागाला तीस भाग पाणी, आधी घाण पुसून घेऊन, दहा मिनिटं तसंच ठेवून. मातीवर काहीच धड चालत नाही. ऊन आणि काळ, एवढंच.

चंद्रपूर-गडचिरोलीत ही गोष्ट फक्त शेजारच्या पिल्लांपुरती राहत नाही. ताडोबा हे महाराष्ट्रातलं सगळ्यात जुनं राष्ट्रीय उद्यान, १९५५ चं. तिथे रानकुत्र्यांचे कळप आहेत. इंग्रजांच्या काळात या रानकुत्र्यांना मारायला सरकार बक्षीस द्यायचं. १९७२ च्या कायद्यानं त्यांना संरक्षण मिळालं. बंदुकीतून सुटलेल्या या प्राण्याला आता आपल्या कुत्र्यांचे आजार लागू शकतात, आणि असं झालं की काय होतं हे इतरत्र दिसलंय. अमेरिकेतल्या आयल रोयाल बेटावर १९८० ते १९८२ मध्ये पार्वो पोचला आणि ५० लांडग्यांचे १४ उरले. १९९४ मध्ये डिस्टेंपरनं सेरेंगेटीतले सुमारे एक तृतीयांश सिंह मारले. आणि २०१८ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गीरच्या दलखाणिया भागात २३ सिंह दगावले. त्यांच्यातला डिस्टेंपर ओळखला तो पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेनं.

सोलापूरजवळ नान्नजच्या माळढोक अभयारण्याच्या परिसरात अनिरुद्ध बेलसरे आणि अबी वनक यांनी गावकुत्री तपासली. दहातल्या साधारण नऊ मोठ्या कुत्र्यांच्या रक्तात पार्वो आणि डिस्टेंपर येऊन गेल्याच्या खुणा मिळाल्या. म्हणजे गावात जी मोठी कुत्री दिसतात ती वाचलेली. न वाचलेली आपण मोजतच नाही.

मग सगळ्या गावकुत्र्यांना लस टोचली की झालं? इतकं सरळ नाही. सेरेंगेटीच्या भोवतालच्या कुत्र्यांना लस दिल्यावरही डिस्टेंपर वन्यप्राण्यांमध्ये फिरत राहिल्याचं २०१५ च्या अभ्यासात दिसलं. पण न टोचण्याचं ते कारण होऊ शकत नाही. आपल्याकडे २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत नसबंदीबरोबर लस येते ती रेबीजची, कारण रेबीज माणसाला होतो. पार्वो आणि डिस्टेंपरचा खर्च मालकाच्या खिशावर, आणि गावकुत्र्याला मालक बरेचदा अख्खं गाव असतं, म्हणजे कुणीच नाही. फील्ड मासिकाच्या निधीपासून चालत आलेला हिशेब अजून तोच आहे.

मामाचे दर आठवड्याला फोन येत होते. 'बरं झालं ना बाप्पा आता, मंग धाडून द्या. डुकरं धान खाऊन राह्यली.' त्याचं नुकसान खरं होतं. पण त्याचं शेत जंगलाला लागून आहे, बांधावर रात्री रानकुत्र्यांचे ठसे उमटतात, आणि गावात त्या महिन्यात दोन कुत्र्या व्यालेल्या होत्या. मी मामाला सांगितलं की डॉक्टर म्हणतील तेवढे दिवस ते इथेच राहील, लशीचे डोस पुरे होतील, आणि मगच येईल. मामा चिडला. आठ दिवस त्याचा फोन आला नाही. मग आला तो वेगळाच प्रश्न घेऊन: गावातल्या त्या दोन कुत्र्यांच्या नऊ पिल्लांना टोचायला किती लागतात?

हिशेब आम्ही व्हिडिओ कॉलवर केला. डॉक्टरांनी डोस एकदम घेतले तर किंमत कमी लावतो म्हटलं. मामानं गावात चार घरांकडून पैसे जमवले, उरलेले मी घातले. थर्मासमध्ये बर्फ घालून डॉक्टर स्वतः गेले. नऊपैकी सात सापडली, सातांना पहिला डोस मिळाला. पुढच्या डोसची तारीख मामानं गोठ्याच्या दारावर खडूनं लिहून ठेवलीय.